किटलीत खार आहे

माझ्या नणंदेच्या सासऱ्यांनी बडोद्यातल्या जितक्या किटल्यांमध्ये डोकावून पाहिलं, तितक्यांत जगातल्या कुठल्याही माणसानं कुठल्याही गावात पाहिलं नसेल, हे मी कुणाहीसमोर छातीठोकपणे सांगेन. किटली म्हणजे विजेची. तेव्हाच्या विजेच्या किटल्यांत तळाशी वेटोळं घातलेली उघडी कॉइल असायची, आणि आपल्याकडचं जड पाणी त्या कॉइलवर हळूहळू पांढरा थर चढवायचं. तुम्हा-आम्हाला तो थर दिसत नाही. दिसला तरी आपण झाकण लावून टाकतो. पण हे गृहस्थ कुणाच्याही घरी गेले की चपला काढायच्या, "काय, बरं आहे ना?" म्हणायचं, आणि उत्तराची वाट न बघता थेट स्वयंपाकघरात. कोणी लग्नाचं आमंत्रण द्यायला गेलं की अक्षता देतं, कोणी समाचाराला गेलं की दोन शब्द बोलतं. आमचे व्याही दोन्ही ठिकाणी आधी किटलीचं झाकण उघडत.

आमची त्यांची पहिली गाठ पडली ती विजूला, म्हणजे माझ्या नणंदेला, दाखवण्याच्या कार्यक्रमात. मी त्या घरात सून होऊन येऊन जेमतेम वर्ष झालं होतं. आमचं घर नागरवाड्यात. आजेसासरे संस्थानच्या काळात दप्तरात मोठ्या हुद्द्यावर होते, सासरे शाळेतून मास्तर म्हणून निवृत्त झाले होते, त्यामुळे घरात पैशापेक्षा शिस्त जास्त. मुलगा तरसालीचा होता. इंजिनीयर, शांत, चांगला. वडील मकरपुऱ्याकडच्या एका कारखान्यात बॉयलरवर होते, मूळचे भुसावळकडचे, आई चार वर्षांपूर्वी गेलेली. सासूबाईंना बॉयलर हा शब्द जरा टोचला होता. पण मुलगा पसंत होता, म्हणून त्यांनी ठेवणीतले कप काढले, पोहे केले, आणि मला दहादा बजावलं, "मुलाच्या वडिलांशी नीट वाग हो. वरपक्ष आहे."

वरपक्ष आला. उंच, किडकिडीत, इस्त्रीचा पांढरा शर्ट, मनगटाजवळ भाजल्याची जुनी खूण. बसल्यावर मी पाणी दिलं, तर त्यांनी ग्लास खिडकीच्या उजेडाकडे धरून बराच वेळ बघितला, मग घोटभर पाणी तोंडात घोळवलं आणि सासऱ्यांना विचारलं, "मास्तर, तुमच्याकडे विजेची किटली आहे का?" होती. निवृत्तीच्या वेळी शाळेनं दिलेली चकचकीत किटली हा सासऱ्यांचा अभिमानाचा विषय होता. ते उत्साहानं म्हणाले, "आहे तर! सकाळचा चहा माझा मी करतो." गृहस्थ उठले. मुलगा हळूच म्हणाला, "बाबा, आज नको." पण बाबा स्वयंपाकघरात पोचले होते. तिथे सासूबाई पोह्यांवर खोबरं पेरत होत्या. त्यांनी लगबगीनं डोक्यावर पदर घेतला. वरपित्यानं किटलीचं झाकण उघडलं, आत पाहिलं आणि गंभीरपणे म्हणाले,

"ताई, तुमच्या किटलीत खार आहे."

सासूबाईंच्या हातातली खोबऱ्याची वाटी खाली पडली. "अगं बाई! आत कशी गेली? मेली का हो?" म्हणून त्या दोन पावलं मागे सरल्या. मीही मागे सरले. आमच्या मागच्या पेरूवर खारींचा सुळसुळाट होता, त्यामुळे ते अगदीच अशक्य नव्हतं. गृहस्थांना क्षणभर काही कळेना. मग ते हसले. "ती खार नव्हे हो. पाण्याचा खार. क्षार." आणि किटली तिरकी करून त्यांनी आम्हाला आतली कॉइल दाखवली. ती चुन्यात बुडवून काढल्यासारखी दिसत होती.

पुढचे दोन तास आमच्या घरानं जे सोसलं ते आमचं आम्हाला ठाऊक. मुलाच्या बापानं शर्टाच्या बाह्या दुमडल्या, खिशातून एक कागदाची पुडी काढली, किटलीत कॉइल बुडेल इतकं पाणी घेतलं, पुडीतली पांढरी पूड दोन चमचे टाकली, पाणी जरा कोमट केलं, वायर काढून ठेवली आणि स्टूल ओढून तिच्यासमोर बसले. किटलीतून सोडा ओतल्यासारखा फसफस आवाज येऊ लागला. बाहेर सासरे येरझाऱ्या घालत होते. त्यांच्या मते हे नकाराचं लक्षण होतं. सासूबाईंना रडू फुटायचं बाकी होतं, "वरबाप माझ्या मोरीपाशी बसून भांडं धुतोय, लोक काय म्हणतील!" सासऱ्यांनी एकदा आत येऊन सुरी पुढे केली, म्हणजे खरवडून लवकर आटपेल. त्यावर गृहस्थ इतके दचकले, की जणू कुणी तान्ह्या मुलावर सुरी धरली आहे. "मास्तर, खार खरवडायचा नसतो. सोडवायचा असतो. खरवडलात तर वर ओरखडे पडतात आणि पुढचा खार तिथेच घट्ट धरतो." या सगळ्यात फक्त विजू त्यांच्याजवळ उभी राहिली. दोघं मिळून किटलीकडे बघत होते. दोन तासांनी पाणी ओतलं, तीनदा विसळली, एकदा साधं पाणी उकळून टाकून दिलं, आणि कॉइल नव्या तांब्यापितळेसारखी झळकली. ते बाहेर आले, थंड झालेले पोहे खाल्ले आणि म्हणाले, "मुलगी थांबू शकते. आमच्याकडे देऊन टाका."

अशा रीतीनं ते आमचे व्याही झाले, आणि दर तीन महिन्यांनी आमच्या किटलीला भेटायला येऊ लागले. नुसत्या आमच्याच नाही. तरसालीतल्या त्यांच्या सोसायटीत, कारखान्यातल्या सोबत्यांकडे, विजूच्या मैत्रिणींकडे, जिथे जिथे किटली, गीझर नाहीतर पाणी तापवायचा रॉड असेल तिथे त्यांचा फेरा असे. त्यांना कुणी बोलावत नसे आणि त्यांना कुणी नको म्हणत नसे. पुडीतली पूड म्हणजे गुजराती किराणावाले जिला 'लिंबूनां फूल' म्हणतात ती, ढोकळ्यात घालतात ती आंबट पूड. ते ती किलोकिलोनं घेत. तरसालीचा दुकानदार अनेक वर्षं त्यांना फरसाणवाला समजत होता. एकदा त्यानं विचारलं, "काका, ढोकळांनो धंधो छे?" तेव्हा हे म्हणाले, "ना भाई, सेवा छे." त्यावर दुकानदारानं त्यांना कुठल्या तरी मंदिरात प्रसादाचे ढोकळे करणारा भाविक मानलं आणि तेव्हापासून पुडीबरोबर एक नारळ द्यायला सुरुवात केली. तो नारळ ते आम्हाला आणून देत.

खाराच्या जाती ते आजाराच्या जाती सांगाव्यात तशा सांगत. चुन्याचा खार भोळा, आंबट पाण्यानं लगेच विरघळतो. जिप्समचा हट्टी, त्याला दोनदा, तीनदा समजवावं लागतं. माणसांबद्दल मात्र ते कधीच मत देत नसत. पण एकदा आमच्या शेजारच्यांची खरवडलेली, ठोकलेली, काळी पडलेली किटली पाहून नुसतं "या घरात घाई फार आहे" एवढं बोलले, आणि ते इतकं खरं होतं की शेजारीणबाई आठ दिवस आमच्याशी बोलल्या नाहीत. विजूच्या डोहाळजेवणाला आचाऱ्यानं चहाचं पाणी तापवायला आणलेला भला मोठा बंब त्यांनी उघडायला लावला होता. त्या दिवशी चहा संध्याकाळी सहाला मिळाला. बायका घरी जायला निघाल्या होत्या, पण चहा मात्र अप्रतिम होता, हे सासूबाईंनीसुद्धा कबूल केलं.

किटली भिजत असे तोवर ते तिला सोडून हलत नसत. पेपर वाचत नसत, गप्पा मारत नसत. हात मांडीवर ठेवून बसून राहत. आणि अशा बसलेल्या माणसाजवळ काय होतं, तर आपण बोलायला लागतो. मी त्यांना कायकाय सांगितलं ते आठवलं की माझं मलाच नवल वाटतं. माझं एम.ए. लग्नामुळे अर्धवट राहिलं होतं आणि ते पुरं करायचा विषय मी घरात काढू शकत नव्हते, हे मी माझ्या नवऱ्याच्याही आधी त्यांना सांगितलं. कणीक मळता मळता सांगून टाकलं. त्यांनी एवढंच विचारलं, "परीक्षा कधी असते?" मी महिना सांगितला. विषय संपला. पुढे परीक्षेचा फॉर्म मी भरला, थोडं भांडून, थोडं रडून. आणि परीक्षेच्या प्रत्येक पेपरला सकाळी साडेनऊला आमचे व्याही दारात हजर. "ताई, तुमच्या गीझरचं काम मोठं आहे, पाच-सहा दिवस लागतील," असं सासूबाईंना सांगून ते स्वयंपाकघरात तळ ठोकून बसले. वरपक्षाचा माणूस घरात असताना सुनेनं अभ्यास सोडून पोळ्या लाटाव्यात हे सांगायला सासूबाईंची जीभ रेटेना, आणि व्याह्यांना चहा करून द्यायला म्हणून त्या स्वतःच उभ्या राहिल्या. गीझर आमच्याकडे नव्हताच. होता तो बंब. तो त्यांनी पाच दिवस घासला.

मग काळ बदलला. घरोघरी भिंतीवर पाणी गाळायची यंत्रं आली. निळा दिवा लागणारी, खार काढून टाकणारी. किटल्याही बदलल्या, कॉइल तळाच्या पत्र्याखाली लपली. आमच्याकडेही यंत्र बसलं. तीन महिन्यांनी व्याही आले, झाकण उघडलं, आत आरसा. "बरं आहे," म्हणाले. जरा वेळ तसेच उभे राहिले. मी म्हटलं, "काका, बसा ना." पण ते दहा मिनिटांत निघाले. सगळं गाव बरं झाल्यावर गावातल्या वैद्याचं जे होत असेल ते मी त्यांच्या चेहऱ्यावर पाहिलं. एकेक घर असं कमी होत गेलं. शेवटी एकच घर उरलं, अलकापुरीतलं. त्यांचे कारखान्यातले जुने मित्र रमणभाई आता तिथे मुलाच्या फ्लॅटमध्ये राहत होते. त्या घराबद्दल मात्र ते नव्या उमेदीनं बोलत. "अलकापुरीचं पाणी फार वाईट हो, सूनबाई. महिन्यात बोटभर खार."

मी त्या वेळी अलकापुरीतच एका शाळेत शिकवत होते. तिथलं पाणी वाईट आहे हे मला तरी कधी जाणवलं नव्हतं.

त्यांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तेव्हा विजूनं मला फोन केला, "वहिनी, बाबा रमणभाईंकडे जायचा हट्ट धरून बसलेत. तुझ्या शाळेच्या जवळच आहे, नेशील का?" शाळा सुटल्यावर मी त्यांना घेऊन गेले. चौथा मजला, लिफ्ट, काचेचं टीपॉय. रमणभाई दारातच उभे होते. गोल चेहरा, पांढऱ्या मिशा. त्यांनी डाव्या हातानं व्याह्यांचा खांदा धरून आत नेलं. उजवा हात आखूड बाहीतून लोंबत होता, बोटं मुठीत मिटलेली, मानेपासून कोपरापर्यंत कातडी सुरकुतलेली. जेवणाच्या टेबलावर एक जुनी किटली आधीच मांडून ठेवली होती. व्याह्यांनी पुडी काढली. दोघं म्हातारे समोरासमोर बसले आणि किटली फसफसू लागली. बोलणं जवळजवळ नाहीच. "तबियत?" "सारी, बरी आहे." असं काहीतरी दर पंधरा मिनिटांनी.

मी सविताबेनना, रमणभाईंच्या बायकोला, मदत करायला आत गेले. आणि तिथे भिंतीवर मला तो निळा दिवा दिसला. पाणी गाळायचं यंत्र, चांगलं मोठं. मी त्याच्याकडे बघते आहे हे सविताबेनच्या लक्षात आलं. त्यांनी बाहेर एक नजर टाकली आणि दबक्या आवाजात आपल्या गुजराती-मराठीत म्हणाल्या, "खाली पार्किंगमध्ये बोअरचा नळ आहे ना, तिथून मी कळशी आणते, जिन्यानं. लिफ्टमध्ये पाणी सांडलं की वॉचमन ओरडतो. भाई यायच्या आधी आठ-दहा दिवस किटलीत तेच पाणी उकळते. उकळायचं, फेकायचं. उकळायचं, फेकायचं. नहीं तो भाई शुं काम आवे? कशाला येतील?"

चार मजले, गुडघे धरलेले, आणि हातात कळशी. मी विचारलं, "पण असंच बोलवा ना त्यांना. नुसतं चहाला."

"बोलावलं होतं," त्या म्हणाल्या. "असेच येत नाहीत. यांना कारखान्यात लागलं तेव्हा इस्पितळात रोज येत होते. घरी आणल्यावर यायचे एकदम बंद झाले. वर्षभर तोंड दाखवलं नाही. मग एक दिवस ही किटली घेऊन आले, म्हणाले एका हातानं रमणला चहा करता येईल. त्यानंतर जे येतात ते किटलीसाठीच. मला कारण माहीत नाही. मी विचारत पण नाही."

परतताना रिक्षात व्याही काळा चष्मा लावून बसले होते. मी मनात ठरवलं होतं की आपण काही बोलायचं नाही. तेच म्हणाले, "सूनबाई, तिथे यंत्र बसवलंय ते मला दिसत नाही असं वाटलं का तुला? मोतीबिंदू डोळ्यात होता, डोक्यात नव्हता. तो खार बोअरचा आहे. सविताबेन पाणी खालून आणते."

"मग तुम्ही बोलत का नाही?"

त्यावर त्यांनी जे सांगितलं ते मी आजवर विजूशिवाय कुणाला सांगितलेलं नाही. बॉयलरच्या पाण्यात खार किती आहे ते रोज तपासून रजिस्टरमध्ये लिहायचं, हे त्यांचं काम. बाटलीत पाण्याचा नमुना घ्यायचा, औषधाचे थेंब टाकायचे, लालचं निळं होतं की नाही बघायचं. निळं म्हणजे पाणी ठीक. "रोज तेच यायचं," ते म्हणाले. "रोज निळं. एक दिवस कंटाळा आला, न बघताच लिहिलं. काही झालं नाही. दुसऱ्या दिवशीही लिहिलं. मग लिहीतच गेलो. सतरा-अठरा दिवस. पाणी गोडं करायचं यंत्र मधेच बिघडलं होतं, ते कळायला हवं होतं कुणाला? मला. बॉयलरच्या नळीत आतून खार धरला, नळी तापून लाल झाली आणि फुटली. रमणनं तेव्हाच भट्टीचं दार उघडलं होतं. मी त्याला ओढून बाहेर काढलं, ही मनगटावरची खूण तेव्हाची. चौकशीत लिहिलं, नळी जुनी होती. मला कुणी विचारलंच नाही."

"आणि रमणभाईंना?"

"नाही सांगितलं. दर वेळी सांगायचं ठरवून जातो. दोन तास असतात हाताशी, दोन तासांत सांगून होईल असं वाटतं. मग किटली साफ होते."

रिक्षा तरसालीच्या वळणाला लागली होती. मला त्यांचा रागही आला आणि वाईटही वाटलं. मी म्हटलं, "काका, दोघंही सत्तरीच्या पुढे आहात. आता किती किटल्या उरल्या असं वाटतं तुम्हाला?" हे जरा जास्तच बोलले असं मला लगेच वाटलं. ते उतरले, आणि मागे न बघता आत गेले.

पुढच्या महिन्यात त्यांनी स्वतः मला फोन केला. "सूनबाई, येशील का सोबत? डोळा आता ठीक आहे. तरी ये." मी गेले. पूड टाकली, फसफस सुरू झाली आणि त्यांनी किटलीकडे बघतच सगळं सांगितलं. एका दमात, मला सांगितलं त्याच क्रमानं. सविताबेन स्वयंपाकघराच्या दारात चहाची गाळणी हातात धरून उभ्या. रमणभाई ऐकत होते. मग त्यांनी डावा हात उजव्यावर ठेवला आणि विचारलं, "रजिस्टरमध्ये खोटं लिहिलं?"

"हो."

"केटला दिवस?"

"सतरा. नाहीतर अठरा."

"आणि तू बत्तीस वरस माझ्याकडे येऊन बसतोस, पण बोलत नाहीस."

रमणभाई उठले, आतल्या खोलीत गेले आणि दार लावून घेतलं. आपटलं नाही, नुसतं लावलं. चहा झाला नाही. आमचे व्याही मात्र जागचे हलले नाहीत. वेळ पुरी होईपर्यंत बसले, पाणी ओतलं, किटली तीनदा विसळली, एकदा साधं पाणी उकळून टाकलं, कोरड्या फडक्यानं पुसून टेबलाच्या मधोमध ठेवली. मग म्हणाले, "चल." सविताबेननी आम्हाला लिफ्टपर्यंत सोडलं.

त्यानंतर दोन महिने अलकापुरीहून फोन नाही. इकडून करायची व्याह्यांची हिंमत नाही. विजू रोज मला सांगायची, बाबा जेवतात पण काय जेवतात ते त्यांना कळत नाही. गॅलरीत बसतात. शेजारी एकांच्या गीझरमधून तांबडं पाणी आलं, ते बोलवायला आले, तर म्हणाले, "दुसऱ्या कुणाला तरी दाखवा." हे ऐकून मी हादरले. मला वाटू लागलं की हे सगळं माझ्या त्या एका वाक्यानं झालं. बत्तीस वर्षं दोघांचं बरं चाललं होतं. सत्य सत्य म्हणून मी मधे पडले, आणि एका म्हाताऱ्याचं उरलेलं एकुलतं एक घर घालवलं. मी सविताबेनना दोनदा फोन लावला आणि दोन्ही वेळा वाजायच्या आधी ठेवून दिला.

एका रविवारी दुपारी मी तरसालीला विजूकडे बसले होते. खाली रिक्षा थांबली. रमणभाई आणि सविताबेन उतरले. बत्तीस वर्षांत ते व्याह्यांच्या घरी पहिल्यांदाच येत होते. नेहमी हेच जात. व्याही गॅलरीतून उठून उभे राहिले, पण दाराकडे जायला त्यांचे पाय उचलेनात. विजूनं दार उघडलं. रमणभाई आत आले, घाम पुसला, खुर्चीत बसले आणि कारखान्यात मराठी माणसांत राहून शिकलेल्या आपल्या मराठीत म्हणाले,

"दोन महिने मी तुझ्यावर खूप गुस्सो केला. सकाळी उठलो की करायचो. पछी थकलो. एकट्यानं गुस्सो करायला मजा नाही येत. म्हटलं, चाल, समोर बसून करू."

"कर," व्याही म्हणाले. "तुझा हक्क आहे."

"हक्क छे," रमणभाई म्हणाले. मग त्यांनी स्वतःच्या मिटलेल्या बोटांकडे पाहिलं. "पण दुसरी पण एक वात आहे. भट्टीचं दार चालू शिफ्टमध्ये उघडायचं नाही, हा नियम होता ना? मी का उघडलं होतं, तुला ठाऊक आहे?"

"आग बघायला."

"बिडी पेटवायला."

"बिडी?" सविताबेन ताडकन उठल्या. "तमे तो कहेता हता के साहेबे मोकल्या! साहेबांनी पाठवलं म्हणून दार उघडलं, असं मला सांगितलं. त्या साहेबाला मी इतकी वर्षं शिव्या देते आहे! तो बिचारा मरून पण गेला!" आणि मग त्यांनी जे सुरू केलं ते गुजरातीत, मराठीत आणि मधूनमधून नुसत्या हातवाऱ्यांत. रजिस्टर, बिडी, बोअरच्या कळशा, चार मजले, गुडघे, सगळं एका ओळीत आलं. दोन्ही म्हातारे मान खाली घालून शाळेतल्या मुलांसारखे बसले होते. विजूला हसू आवरेना म्हणून ती आत पळाली. मी तिथेच राहिले, कारण मला हसू येत होतं आणि डोळ्यांतून पाणीही येत होतं.

सविताबेन दमून खाली बसल्या तेव्हा व्याही हळू आवाजात म्हणाले, "रमण, बिडीसाठी दार उघडलं म्हणून नळी फुटत नाही. नळी माझ्यामुळे फुटली."

"हा," रमणभाई म्हणाले. "नळी तारी. बिडी मारी. तुझी तुला, माझी मला." आणि डावा हात पुढे करून त्यांनी व्याह्यांच्या मांडीवर ठेवला. माफ केलं असं ते म्हणाले नाहीत. त्या दिवशी नाही आणि माझ्या माहितीप्रमाणे नंतरही कधी नाही. व्याह्यांनीही मागितली नाही. पण विजूनं चहा आणला तो दोघांनी घेतला, आणि रमणभाईंनी साखर कमी आहे म्हणून कुरकूर केली.

त्यानंतर सविताबेननी बोअरची कळशी आणायचं बंद केलं. तरीही आमचे व्याही अलकापुरीला जात राहिले, आता महिन्यातून दोनदा, रिकाम्या हातानं. कधी शाळा सुटल्यावर मीही जाऊन बसे. दोघं आता बोलत. इतकं बोलत की त्यांना आधी गप्प बसायला किती कष्ट पडले असतील असं वाटे. कारखान्यातला कुठला फोरमन घोरायचा, कुणाच्या डब्यातली भाकरी कोण चोरायचं, कँटीनचा चहा आणि गटाराचं पाणी यांत फरक काय, असल्या गोष्टी. भांडतही. एकदा एका जुन्या सोबत्याला सोन्याचा दात होता की नव्हता यावरून दोघांनी सबंध दुपार घालवली.

त्यांना मी शेवटचं पाहिलं ते असंच एका दुपारी. दीड-दोन तास झाले, त्यांनी काठी उचलली. रमणभाई लिफ्टपर्यंत आले. व्याही म्हणाले, "येतो." रमणभाई म्हणाले, "आवजो." लिफ्टचं दार बंद होईपर्यंत ते तिथे उभे होते.

त्यानंतर आठच दिवसांत, दुपारी जेवून पडले असताना, व्याही गेले. रमणभाई आले आणि बसून राहिले. अजूनही शाळेतून परतताना मी कधीतरी त्या चौथ्या मजल्यावर जाते. चहा होतो, थोडं इकडचं तिकडचं होतं. निघताना मी दारात "येते" म्हणते, आतून सविताबेन "आवजो" म्हणतात. आपल्या बडोद्यात मराठी माणूस निघताना जातो म्हणत नाही, आणि गुजराती माणूस त्याला जा म्हणत नाही, पुन्हा या म्हणतो. इतकी वर्षं मी हे रोज बोलत आले, ऐकत आले. आता लिफ्टपाशी मात्र दर वेळी मी जरा थांबते.